साथीला बसण्यापूर्वी

चि. ओंकार,

यंदाच्या गुरुपौर्णिमेला तू पहिल्यांदाच ख्यालाला साथ करणार, हे ताईच्या फोनवरून कळलं. कायदे-रेले तयार आहेत, हातही दाणेदार आहे. पण विलंबित एकतालात ‘वाजवायला काही मिळतच नाही’ अशी तुझी तक्रार आहे म्हणे.

साथ करण्यात कमीपणा नसतो; अहमदजान थिरकवाखाँसाहेबांचं उदाहरण घे. मुनीरखाँचे हे शिष्य स्वतंत्र तबलावादनातलं शिखर. त्यांचा पेशकार आजही तबलजी कान लावून ऐकतात. तेच खाँसाहेब गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत. समोर प्रेक्षक पद ऐकायला आलेले, तबला नव्हे. त्या साथीनं खाँसाहेबांचा मान तिळभरही घटला नाही. पुढे १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता तुझ्या एकतालाकडे ये. मात्रा बारा. चौथ्या मात्रेवर ‘तिरकिट’ आणि दहाव्या मात्रेवरही ‘तिरकिट’. पहिल्यानंतर ‘तू ना’ येतं, दुसऱ्यानंतर ‘धी ना’. लय इतकी संथ असते की प्रत्येक मात्रेचे चार भाग धरले तर एका आवर्तनात अठ्ठेचाळीस होतात. आलापात बुडालेला गायक एवढं सगळं मोजत बसत नाही. दहाव्या मात्रेचं तिरकिट हा त्याच्यासाठी मैलाचा दगड असतो. तो ऐकला की मुखड्याची तयारी सुरू होते. हौसेनं तू मधल्या जागा बोलांनी भरून टाकल्यास, तर ते तिरकिट गर्दीत हरवेल आणि समेवर येताना गायक चाचपडेल. चूक मात्र श्रोत्यांना त्याची वाटेल.

जागा मोकळी ठेवणं म्हणजे काय, हे कुमार गंधर्वांच्या मैफिलीत वसंतराव आचरेकरांच्या ठेक्यात ऐकावं. क्षयाच्या दीर्घ आजारानंतर कुमारजी पुन्हा गाऊ लागले ते छोट्या, तीक्ष्ण स्वरावलींनी. त्यांच्या गाण्यात विरामालाही अर्थ होता. तिथे तबलजीनं विराम दिसला की हात सोडला असता, तर गाणंच मोडलं असतं. कणकवलीत वसंतरावांच्या नावानं सांस्कृतिक प्रतिष्ठान चालतं, ते एका साथीदाराच्या नावानं, हे लक्षात ठेव.

तबला लावण्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. गाणारी मुलगी काळी चार किंवा पाचमध्ये गात असेल, तर काळी एकचा लहान तोंडाचा तबला घेऊन जाऊ नकोस. मोठ्या तोंडाचा लागेल. पावसाळी हवेत पुडी उतरते, म्हणून हातोडी जवळ असू दे. दोन गाण्यांच्या मधे गजऱ्यावर हलके ठोके देऊन सूर तपासायचा, गाणं चालू असताना ठोकाठोक करायची नाही.

शेवटची गोष्ट तुला कदाचित आवडणार नाही: गाणं शीक. सुरेश तळवलकरांनी तबल्याची तालीम पंढरीनाथ नागेशकरांकडे घेतली, पण गजाननबुवा जोशी आणि निवृत्तीबुवा सरनाईक अशा गवयांचंही मार्गदर्शन घेतलं. बंदिश कुठे श्वास घेते, हे कळल्याशिवाय तिला साथ करता येत नाही. नुसत्या मात्रा मोजून ते कळत नाही.

तेव्हा आजच त्या मुलीला फोन कर. तिची बंदिश लिहून घे, हातानं ताल धरून ती स्वतः म्हणून पाहा, मुखडा कितव्या मात्रेवरून उठतो ते नीट विचार. आणि कार्यक्रमाआधी एकदा तरी तिच्यासोबत पूर्ण ख्याल वाजव, फक्त ठेका, एकही तुकडा न घेता.

तुझा,
मामा