तणनाशकाचे जमिनीतील विघटन आणि पुढील पीक

मक्यातील व उसातील तणांच्या बंदोबस्तासाठी वापरले जाणारे ॲट्राझिन हे तणनाशक सोयाबीनला सोसत नाही. म्हणून बेळगाव-निपाणी परिसरात रब्बी मक्यानंतर त्याच रानात जूनमध्ये सोयाबीन घ्यावयाचे असल्यास जमिनीत औषधाचा अंश किती उरला आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

फवारणीस पाच महिने लोटले म्हणजे औषध संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. ॲट्राझिन निम्मे होण्यास सुमारे ६० दिवस लागतात असे पुस्तकांतून दिलेले असते. परंतु हा आकडा सर्व जमिनींना सारखा लागू पडत नाही. खानापूरकडील जांभ्याची तांबडी जमीन आम्लधर्मी असते. आम्लतेमुळे या औषधाच्या रेणूतील क्लोरीन लवकर सुटतो व त्याची तण मारण्याची शक्ती जाते. निपाणीकडील काळी जमीन बहुधा विम्लधर्मी. तेथे ही क्रिया मंदावते व विघटनाचा बराचसा भार जिवाणूंवर पडतो. जिवाणूंना ऊब आणि ओल दोन्ही हवीत. मक्याचे पाणी तोडल्यानंतर मेअखेरपर्यंत ऊब भरपूर असते, पण ओल नसते. भेगाळलेल्या रानात त्यांचे काम जवळजवळ थांबते. ते दिवस हिशेबात धरून चालणार नाही.

सर्वच औषधांची रीत अशी नाही. क्लोरपायरीफॉससारखी कीटकनाशके उलट विम्लधर्मी, ओलसर जमिनीत लवकर फुटतात. शिवाय औषध रानातून गेले म्हणजे ते नष्ट झाले असेही नव्हे. मुसळधार पावसात ॲट्राझिन झिरपून भूजलात उतरते. याच कारणास्तव युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली.

पाण्याची सोय असल्यास उन्हाळ्यात रान एकदोनदा भिजवावे. मेच्या आरंभी रानातील पाच-सहा ठिकाणची वरची वीतभर माती एकत्र करून एका डब्यात भरावी. दुसऱ्या डब्यात औषध न पडलेली, त्याच जातीची माती घ्यावी. दोहोंत सोयाबीनचे दाणे टोकून डबे उन्हात ठेवावेत व सारखे पाणी द्यावे. उगवण चांगली झाली म्हणून फसू नये. ॲट्राझिन उगवणीला अडवीत नाही. उगवल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत पहिल्या डब्यातील खालची पाने कडेने पिवळी पडून करपू लागली, तर त्या रानात यंदा सोयाबीन न करता ज्वारी किंवा मका घ्यावा.