१७०९ चा हिवाळा : हवामान, भूक आणि इतिहास

युरोपच्या इतिहासाचा अभ्यास करताना मी ज्या क्रमिक पुस्तकांचा आधार घेतला, त्यांत १७०९ हे साल दोन लढायांपुरते येते. जुलै महिन्यात पोल्टाव्हा येथे रशियाच्या झार पीटरने स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सचा निर्णायक पराभव केला, आणि सप्टेंबरमध्ये मालप्लाके येथे फ्रेंच सैन्य मार्लबरो व युजीन यांच्या संयुक्त फौजांशी भिडले. युद्धे दोन, प्रकरणे दोन. साहजिकच आपण ती वेगवेगळी पाठ करतो. परंतु या दोन्ही लढायांच्या मागे एकच हिवाळा उभा आहे, हे मला बरेच उशिरा कळले. फ्रान्समध्ये तो ‘महाहिवाळा’ म्हणून आणि इंग्लंडमध्ये ‘महाहिम’ म्हणून ओळखला जातो. गेल्या पाचशे वर्षांतील युरोपच्या तापमानाची जी पुनर्रचना अभ्यासकांनी २००४ साली प्रसिद्ध केली, तीत १७०८-०९ चा हिवाळा सर्वांत थंड ठरला आहे. प्रस्तुत लेखात या हिवाळ्याची हकीकत थोडक्यात सांगून, इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्यातून काय घ्यावे, याचा विचार करावयाचा आहे.

५ जानेवारी १७०९ रोजी पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. हवा त्या ऋतूच्या मानाने उबदारच होती. रात्री वारा फिरला, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या तीन राजांच्या सणादिवशी, शहर गोठू लागले. पुढच्या काही दिवसांत तेथील तापमान शून्याखाली सुमारे २० अंशांपर्यंत उतरले. सीन गोठली, ऱ्होन गोठली. दूर दक्षिणेला व्हेनिसची खाडी गोठून लोक तिच्यावरून चालू लागले. झाडांची खोडे आतल्या ओलाव्याचा बर्फ होऊन फुटली. व्हर्सायच्या राजवाड्यातही सुटका नव्हती. ड्यूक द सँ-सिमाँ याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की शेकोटी पेटलेल्या खोल्यांतही कपाटातल्या मद्याच्या बाटल्या फुटल्या. चौदाव्या लुईची भावजय एलिझाबेथ शार्लोट हिने आपल्या नातलगांना पाठविलेल्या पत्रांत, धगधगत्या आगीजवळ बसूनही हातात लेखणी धरवत नाही, अशी तक्रार केली आहे.

येथे एक प्रश्न कोणालाही पडेल. त्या काळातील थंडीचे अंश आपल्याला कळतात कसे? फॅरनहाइटचा पाऱ्याचा तापमापक १७१४ चा आणि सेल्सियसची मापनपद्धती १७४२ ची. म्हणजे १७०९ साली सर्वमान्य असे मापच नव्हते. परंतु नोंद ठेवणारी माणसे होती. पॅरिसचा वैद्य लुई मोरँ हा १६६५ पासून रोजच्या रोज हवामान टिपून ठेवीत होता, आणि वेधशाळेत फिलिप द ला हिर याच्या नोंदी चालू होत्या. इंग्लंडमध्ये अपमिन्स्टर या गावचा धर्मगुरू विल्यम डेऱ्हम १६९७ पासून तापमान मोजीत असे. ध्वनीच्या वेगाचे मापन करणारा तो हाच. त्या जानेवारीत त्याने नोंदविलेला आकडा आजच्या मापाने उणे १२ अंश इतका होतो, आणि तोवरच्या त्याच्या सर्व नोंदींत तो नीचांक होता. या प्रत्येकाचे माप वेगळे होते. आजच्या अंशांत त्यांचे रूपांतर मागाहून अभ्यासकांनी केले.

तारखांच्या बाबतीतही विद्यार्थ्याने सावध राहावयास हवे. इंग्लंडची दिनदर्शिका फ्रान्सच्या ११ दिवस मागे होती, आणि तेथे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. व्हेनिसचे वर्ष १ मार्चला. त्यामुळे एकच हिवाळा एका देशाच्या कागदपत्रांत १७०९ चा, तर दुसऱ्याच्या कागदपत्रांत १७०८ चा म्हणून सापडतो. हे ध्यानात येईपर्यंत दोन वेगवेगळे हिवाळे समजून मी स्वतः माझ्या वहीत दोन टाचणे केली होती!

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इतकी थंडी पडली म्हणजे माणसे गारठून मेली असतील, असे आपल्याला वाटते. काही मेलीही. परंतु १७०९ व १७१० या दोन वर्षांत फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे ६ लाख अधिक मृत्यू झाले, असा जो अंदाज केला जातो, त्यातला मोठा भाग थंडी ओसरल्यानंतरचा आहे. हे कसे घडले, ते पाहिले पाहिजे.

गव्हाची पेरणी शरद ऋतूत होते. अंकुर हिवाळाभर बर्फाखाली राहतात, आणि तो बर्फच पांघरुणासारखा त्यांचे कडाक्यापासून रक्षण करतो. जानेवारीच्या अखेरीस थंडी थोडी सैल झाली, बर्फ वितळला आणि शेते उघडी पडली. त्यानंतर थंडी पुन्हा परतली आणि ओल्या जमिनीतले अंकुर मुळांसकट मेले. दक्षिणेत ऑलिव्हची झाडे गेली, द्राक्षवेली गेल्या. म्हणजे चालू सालचे धान्य तर गेलेच, पण ज्या झाडांना पुन्हा फळ धरायला वर्षानुवर्षे लागतात, तीही गेली. वसंतात पीक येणार नाही हे उघड होताच गव्हाचे भाव कित्येक पटींनी चढले. ज्यांच्याजवळ साठा होता त्यांनी तो दाबून ठेवला, आणि जे रोजच्या मजुरीवर पाव विकत घेत त्यांची चूल विझली. मग उपाशी माणसे गाव सोडून शहरांकडे निघाली आणि त्यांच्याबरोबर ज्वर व आमांश निघाले. खेड्यांतील धर्मगुरूंच्या नोंदवह्यांत हा सारा क्रम आकड्यांनी उमटला आहे. दफने वाढली, विवाह कमी झाले, बाप्तिस्मे घटले. आणि काही धर्मगुरूंनी त्या नोंदींशेजारी हिवाळ्याची हकीकतही लिहून ठेवली.

ज्यांनी मेलेला गहू नांगरून वसंतात बार्ली पेरली, त्यांना त्या उन्हाळ्यात बरे पीक मिळाले. त्या बार्लीने असंख्य माणसे जगविली. परंतु पेरायला बी हवे, आणि भाव चढल्यावर बी विकत घेणे गरिबाच्या आवाक्यात राहिले नव्हते. अन्न बाजारात असूनही ते विकत घेण्याची ऐपत नसेल तर माणूस उपाशी मरतो, हा विचार अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात बंगालच्या दुष्काळाच्या संदर्भात मांडला. बंगालमध्ये धान्य एकूण फारसे कमी नव्हते, फ्रान्समध्ये मात्र पीक खरोखरच बुडाले होते, हा फरक विसरता येणार नाही. तरीही कोण मेले आणि कोण वाचले, हे पाहताना तोच विचार उपयोगी पडतो.

त्यात युद्ध. स्पॅनिश वारसायुद्धाने फ्रान्सचा खजिना आधीच रिता झाला होता, आणि बाहेरून धान्य आणणे अवघड होते. लुईने आपली सोन्याची ताटे टांकसाळीत पाठविली. तहाची बोलणी केली, पण स्वतःच्या नातवाला स्पेनच्या गादीवरून हुसकावण्याची अट त्याला मान्य होईना. अखेर १२ जून १७०९ रोजी त्याने जनतेला उद्देशून पत्र प्रसिद्ध केले. आपल्या कृत्यांचा जाब कोणालाही न देणाऱ्या राजाने प्रजेसमोर असा खुलासा करावा, ही अपूर्व गोष्ट होती. त्या वर्षी सैन्यात भरतीही पुष्कळ झाली, कारण सैन्यात निदान पावाची आशा होती. ११ सप्टेंबरला मालप्लाके येथे याच सैन्याने रणभूमी सोडली खरी, पण जेत्यांची हानी फ्रेंचांच्या जवळजवळ दुप्पट झाली. युक्रेनमध्ये मात्र याच थंडीने हजारो स्वीडिश सैनिक गारद केले, आणि पीटरने वाटेतले धान्य आधीच जाळून टाकले होते. पोल्टाव्हाला उभे राहिलेले सैन्य मोहिमेवर निघालेल्या सैन्याची सावली होती. ऱ्हाइनकाठच्या पॅलॅटिनेट प्रदेशातून युद्ध, कर आणि हा हिवाळा यांना कंटाळून सुमारे १३ हजार माणसे त्याच वर्षी लंडनला पोहोचली, आणि त्यांतील सुमारे ३ हजारांना १७१० मध्ये न्यूयॉर्कला पाठविण्यात आले.

हा हिवाळा एवढा कडक का झाला? सूर्यावरील डाग अत्यल्प दिसण्याचा १६४५ ते १७१५ हा काळ, तसेच १७०७ मधील फुजी, व्हेसुव्हियस व सँटोरिनी यांचे उद्रेक, ही कारणे सांगितली जातात. परंतु एका रात्रीत वारा फिरून पॅरिस गोठले, त्याचे निकटचे कारण पूर्वेकडून, रशियाच्या बाजूने आलेली थंड हवा हेच होय. दूरची आणि जवळची कारणे यांत गल्लत करू नये, हा धडा हवामानालाही लागू पडतो.

त्याच थंडीत इंग्लंडमध्येही धान्य महागले. पण तेथे फ्रान्ससारखी प्रेतांची रास लागली नाही. थंडी दोन्हीकडे सारखी नव्हती, हे खरे. पण बाजार, दळणवळण, कर आणि गरिबांना मदत देण्याची व्यवस्था यांतही फरक होता. म्हणूनच ‘हिवाळ्याने ६ लाख माणसे मारली’ हे वाक्य मला अपुरे वाटते. हिवाळ्याने गहू मारला. माणसे कशी मेली, हे शोधण्यासाठी भाव, कर, कोठारे आणि युद्ध यांच्याकडे पाहावे लागते. यापुढे परीक्षेत ‘पोल्टाव्हाच्या पराभवाची कारणे सांगा’ असा प्रश्न आला, तर थंडीला मी एक कारण म्हणून जरूर लिहीन, पण जाळलेल्या धान्याच्या शेजारी. आणि कोणा सहाध्यायाला १७०९ चा पुढे अभ्यास करावयाचा असेल, तर त्याने लढायांच्या नकाशाआधी एखाद्या खेड्यातील त्या वर्षीची दफनांची नोंद पाहावी, असे मी सुचवीन.