बोलणारा जखमी आणि दुखावलेला मज्जारज्जू

हातकणंगले परिसरात गळीत हंगामात उसाची वाहतूक वाढते आणि त्यासोबत अपघातांचे भयही. ट्रॉलीवरून पडलेल्या अथवा दुचाकीवरून घसरलेल्या जखमीस आणताना नातेवाईक बहुधा सांगतात, "चांगला बोलतोय, काळजीचं काही नाही." या समजुतीमागील धोका सर्वांच्या ध्यानी यावा, या हेतूने आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेली माहिती येथे देत आहोत.

मेंदूपासून निघणारा मज्जारज्जू पाठीच्या कण्यातील पोकळीतून खाली उतरतो. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर व जाडी करंगळीएवढी असते. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो. त्यापासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात : मानेत ८, छातीच्या भागात १२, कमरेत ५, त्याखालील त्रिकास्थीत ५ व माकडहाडापाशी १. मानेतील तंतू श्वासपटल व हात चालवितात. कमरेतील व त्याखालील तंतू पाय आणि मलमूत्र विसर्जनावर ताबा ठेवतात.

याखेरीज १२ जोड्या मेंदूतून थेट निघतात. गंध, दृष्टी, श्रवण, चव, चेहऱ्याची हालचाल, बोलणे व गिळणे ही कामे त्यांच्याकडे असतात. त्यांतील दहावी जोडी हृदय व जठरापर्यंत पोहोचते.

कालवा मध्येच फुटला तर पुढील शेते कोरडी पडतात. धरणातून थेट पाणी घेणाऱ्या शेतांस मात्र झळ लागत नाही. तसेच येथे घडते. मानेपाशी मज्जारज्जू दुखावलेला माणूस पाहतो, ऐकतो, अनेकदा बोलतोही. परंतु त्याचे हातपाय हलत नाहीत. म्हणून बोलणे हा कणा सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे.

मणका मोडला तरी आतील रज्जू कधी कधी शाबूत असतो. अशा वेळी जखमीस काखेत धरून उचलणे किंवा जीपमध्ये दुमडून बसविणे यामुळे तो कायमचा दुखावू शकतो. मोडलेले हाड जुळते. मज्जारज्जू तसा जुळून येत नाही. यास्तव पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. आग वा वाहनांचा धोका नसल्यास जखमीस हलवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
२. डोके व मान हातांनी स्थिर धरावी. श्वासावर लक्ष ठेवावे.
३. उठवून बसवू नये, पाणी पाजू नये.
४. हलविणे अटळच असेल तर चार-पाच जणांनी डोके, मान व धड एका रेषेत ठेवून सपाट फळीवर घ्यावे.

दुर्दैवाने इजा झालीच, तरी आयुष्य तेथे थांबत नाही. सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. ऐन तारुण्यात कमरेखालील शक्ती गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ दि हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभारली.

देणगीदारांच्या औदार्यातून रुग्णालयास उपकरणे घेता येतात, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. मात्र अपघातानंतरची पहिली काही मिनिटे रस्त्यावरच्या माणसांच्या हाती असतात. हे पान घरी, तरुण मंडळात व ग्रामसभेत वाचून दाखवावे, ही नम्र विनंती.