मशीन उघडण्याआधी

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत वॉशिंग मशीन बंद पडली की लोक आधी कंपनीला नावं ठेवतात. मी मात्र आता आधी बोर्ड बघते, मग नळ, मग सांडपाण्याचा पाइप, आणि शेवटी मशीन. आमच्या गल्लीतल्या बहुतेक मशिनी लाईट, बोअरचं पाणी, काळी माती आणि उंदीर या चौघांनी बंद पाडलेल्या आहेत. मेकॅनिक बाहेरगावाहून यायचा, तोही त्याच्या सवडीने. त्यामुळे कुठवर आपण हात घालायचा आणि कुठे थांबायचं, हे हळूहळू कळत गेलं.

आधी थांबायचं कुठे ते सांगते, कारण तिथे जिवाशी गाठ आहे.

आमची मशीन पत्र्याच्या बॉडीची, सेमी ऑटोमॅटिक. आत्याबाई कपडे काढताना म्हणायच्या, "हाताला मुंग्या येतात गं." ओले हात असतील, म्हणून आम्ही सोडून द्यायचो. एक दिवस दिराचा मुलगा अनवाणी न्हाणीत गेला, मशीनला टेकला आणि किंचाळून मागे पडला. खालून उघडून बघितलं तर उंदरांनी वायरीचं प्लास्टिक कुरतडलेलं, उघडी तार पत्र्याला टेकलेली. तेवढं तर कुणाच्याही घरात होऊ शकतं. खरा घोटाळा भिंतीतल्या बोर्डात निघाला. तीन भोकांचं सॉकेट बसवलं होतं, पण वरच्या मोठ्या भोकाची हिरवी वायर आत नुसती गुंडाळून ठेवलेली. घराची वायरिंग करणाऱ्याने पैसे पूर्ण घेतले आणि अर्थिंग केलंच नव्हतं.

अर्थिंग नीट असतं तर पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत गेला असता आणि फ्यूज उडाला असता. ते नसलं की तो करंट हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो. काही जण यावर उपाय म्हणून बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थिंगचं भोक जोडून देतात. हे चुकूनही करू देऊ नका. डीपीवरचा नाहीतर खांबावरचा न्यूट्रल तुटणं खेड्यात नवीन नाही. तो तुटला की अशा जोडणीमुळे मशीनचा अख्खा पत्रा 230 व्होल्टचा होऊन बसतो.

बाहेर लोखंडी पाइप नाहीतर तांब्याची पट्टी पुरून, भोवती कोळसा-मीठ घालून केलेलं अर्थिंगही एकदा करून विसरायचं काम नव्हे. आपल्याकडची काळी माती एप्रिल-मे महिन्यात भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि कोरड्या मातीत करंट नीट मुरत नाही. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला, आणि वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्या. शिवाय मेन बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. साधा एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवणं त्याच्याच्याने होत नाही. करंट भलतीकडे जातोय हे ओळखून क्षणात लाईट तोडतो तो आरसीसीबी. मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बोर्डाचं बटण बंद करून प्लग काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत हाताने धुवा. टेस्टर पेटला नाही म्हणजे धोका नाही, असंही धरून चालू नका.

लाईटचाच दुसरा त्रास व्होल्टेजचा. संध्याकाळी बल्ब पिवळा पडला की मशीन लावायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. कमी व्होल्टेजवर मोटर गुणगुणते, फिरत नाही, आणि तशीच सोडली की तापते. बऱ्याच मोटरींत तापल्यावर बंद करणारी सोय असते. अर्ध्या-पाऊण तासाने मशीन आपोआप चालू झाली तर घाबरू नका, पण कपडे कमी टाका आणि व्होल्टेज बघा. याच्या उलट, बल्ब एकदम लखलखला तर पळत जाऊन मेन स्विच पाडा. न्यूट्रल तुटल्यावर घरात 400 व्होल्टच्या आसपासही येऊ शकतात, आणि ऑटोमॅटिक मशीनचं कार्ड त्यात पहिलं जातं. महावितरणची तक्रार 1912 वर करता येते.

आता घरच्या घरी जमणारं. धुण्याच्या बाजूचा पंखा अडला, तर प्लग काढून त्याच्या मधला स्क्रू सोडवा आणि पंखा वर उचला. आमच्या गावात मिरचीचा बाजार भरतो, बारदानं घरोघरी असतात. पंख्याखाली सुतळीचे धागे, मिरचीचं बी, नाणी आणि केसांच्या पिना निघाल्या नाहीत अशी मशीन मी बघितलेली नाही. मिरची तोडलेले कपडे आधी झटका, खिसे उलटे करा, मगच टाका. पंखा हाताने मोकळा फिरतोय, खालचा पट्टा जागेवर आणि ताठ आहे, व्होल्टेज चांगलं आहे, तरी मशीन नुसतीच गुणगुणते? मग बहुधा कंडेन्सर गेला. तो स्वस्त असतो. त्याच्यावर मायक्रोफॅरडचा आणि व्होल्टचा आकडा छापलेला असतो, मोबाइलवर फोटो काढून तोच आकडा दुकानात मागा. बदलताना मात्र जपून. प्लग काढल्यावरही कंडेन्सर करंट धरून ठेवतो. तो बल्बच्या वायरी टेकवून रिकामा करण्याची सवय ज्याला आहे, त्यालाच हात लावू द्या.

पाणी टबात थांबतच नसेल, तर निचऱ्याच्या वाटेवर रबराची झडप असते, तिच्याखाली धागा अडकलेला असतो. पाणी जातच नसेल तर तिथे नाहीतर पाइपात गाळ साचलेला असतो. शेतातून आलेल्या पँटी आधी बादलीत खळबळल्या तर हे दोन्ही टळतं. पाइपाचं तोंड जमिनीलगत ठेवा. सेमीतलं पाणी उतारानेच जातं, पाइप उंच मोरीवर टेकवला की ते मागे राहतं. मशिनीच्या खालून जाळी ठोकून घ्या, पिकं निघाली की उंदीर घराकडे वळतात.

ड्रायरबद्दल मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. झाकण उघडल्याबरोबर करंट तुटावा आणि ब्रेक लागून ड्रायर काही सेकंदांत थांबावा, यासाठी आत एक छोटा स्विच असतो. तो खराब झाला की "डायरेक्ट करून देतो" म्हणणारे मेकॅनिक भेटतात. आमच्याकडेही एकाने न विचारता तसंच केलं होतं. झाकण उघडं असताना ड्रायर फिरतोय हे मला दिसलं तेव्हा त्याने आत्याबाईंच्या लुगड्याचं टोक आत ओढलेलं होतं. मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेणारी ती टोपली आहे. पोराटोरांच्या घरात असली दुरुस्ती म्हणजे दुरुस्तीच नव्हे. ड्रायर धडधडत असेल तर कपडे एकसारखे दाबून वर जाळीचं झाकण ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. ड्रायरखालून पाणी गळत असेल तर सील फाटलंय, लगेच बदला. ते पाणी थेट मोटरवर पडतं.

ऑटोमॅटिक घेतलेल्यांची एक तक्रार ठरलेली: पाणी भरता भरत नाही. दुरुस्तीवाला येऊन व्हॉल्व्ह बदलून जातो, आठ दिवसांनी पुन्हा तेच. आधी पाइप काढून मशीनच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी ब्रशने साफ करा. मग टाकीची उंची बघा. पाण्याचा 1 बार दाब मिळायला टाकी साधारण 10 मीटर वर लागते. पुष्कळ मशिनी 0.3 ते 0.5 बार मागतात, म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा 3 ते 5 मीटर वर हवं. एकमजली स्लॅबवर नुसती ठेवलेली टाकी तेवढं देत नाही. चौथरा उंच करा नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवा, व्हॉल्व्हवर खर्च करू नका.

बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर काढायला रिकाम्या मशीनमध्ये लिंबूसत्त्व टाकून फिरवतात, ते चालतं. त्याबरोबर ब्लिचिंग मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

माझं मत विचाराल तर, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते तिथे सेमीच बरी. खळबळलेलं पाणी पुढच्या घाण्याला वापरता येतं, उघडायला सोपी, आणि सुटे भाग कुठेही मिळतात. आपल्याच मराठवाड्यात, चितेगावला कारखाना असलेली व्हिडिओकॉन 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण तिच्या जुन्या सेमी मशिनींना आजही बाजारातला साधा कंडेन्सर आणि साधा पट्टा बसतो. जुनी आहे म्हणून भंगारात देण्याची घाई करू नका.

मेकॅनिक बोलावलाच तर काम तुमच्यासमोर करायला सांगा, काढलेला भाग मागून घ्या, आणि बिलावर भागाचं नाव आणि आकडा लिहून घ्या. बिल द्यायला नकार मिळाला किंवा वॉरंटीतल्या मशीनचे पैसे मागितले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तिथे मराठीतही तक्रार घेतात.