चाकातले पाणी आणि उचललेले पुढचे चाक

वारणाकाठच्या काळ्या रानात पलटी नांगर खोल लावला, की ट्रॅक्टरचे मोठे चाक जागेवर फिरू लागते. टायर झिजतो, डिझेल जळते आणि काम मात्र पुढे सरकत नाही. अशा वेळी गावातला कुणीही सांगतो, मोठ्या चाकांत पाणी भरून घ्या. हा सल्ला जुना आहे आणि नांगरटीपुरता बरोबरही आहे. याच भागातल्या एका ऊस उत्पादकांनी तो मानला आणि उन्हाळ्यातली नांगरट चांगली उरकली. पाणी मात्र चाकांत तसेच राहिले आणि गळीत हंगामात त्याच ट्रॅक्टरमागे उसाची ट्रॉली लागली.

ओल्या फडातून भरलेली ट्रॉली काढताना बांधाच्या चढावर ट्रॅक्टर पुढून उचलला. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून पुढची चाके परत खाली आदळली. पुढच्या एक्सलचे काम निघाले, पण माणूस वाचला. पाणी भरण्याआधी याच चढावर चाक नुसते फिरायचे आणि ट्रॅक्टर जागच्या जागी राहायचा. वजन वाढवूनही ट्रॅक्टर उचलला कसा, हे कोडे त्यांना मेकॅनिककडे गेल्यावर उलगडले. आता शेजारीपाजारी कुणी चाकांत पाणी भरायला निघाले, की ते आधी हा प्रसंग सांगतात.

उत्तर वजनाच्या जागेत आहे. मोठ्या चाकाने जमीन घट्ट धरली, की ट्रॉलीची ओढ आणि इंजिनाचा जोर मिळून ट्रॅक्टरला मागच्या एक्सलभोवती वर फिरवू पाहतात. त्याला अडवते ते एक्सलच्या पुढे असलेले वजन, म्हणजे इंजिन, पुढची चाके आणि बंपरवरच्या लोखंडी प्लेटा. चाकातले पाणी एक्सलभोवतीच असते, त्यामुळे पुढचा भाग दाबून धरायला त्याची मदत होत नाही. उलट, चाक फिरून जोर वाया जाण्याची जी वाट होती, ती पाण्यामुळे बंद होते. ट्रॅक्टर पूर्ण उलटायला दीड सेकंदही पुरतो. तेवढ्यात दर वेळी क्लच दाबला जाईलच, असे धरून चालता येत नाही.

हा धोका ट्रॅक्टरइतकाच जुना आहे. 1917 मध्ये बाजारात आलेला फोर्डसन मागे उलटून चालक दगावत, म्हणून तो बदनाम झाला होता. पुढे हॅरी फर्ग्युसन यांनी 1926 मध्ये तीन बिंदूंच्या जोडणीचे पेटंट घेतले. या रचनेत अवजाराची ओढ वाढली, की वरचा दांडा ट्रॅक्टरचा पुढचा भाग खाली दाबतो. आपला नांगर याच जोडणीवर चालतो. ट्रॉली मात्र हुकाला लागते आणि तिथे हे संरक्षण मिळत नाही. हुक जितका उंच, तितका धोका जास्त. दोन चाकी ट्रॉलीचा भार तर थेट हुकावर येतो आणि पुढचा भाग आणखी हलका होतो.

म्हणून ट्रॉली ओढायची असेल, तर वजन पुढे लावावे आणि ट्रॉली शक्य तितक्या खालच्या हुकाला जोडावी. खालचा गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. ट्रॅक्टर उचलू लागला तर भार कमी करावा, पण बोनेटवर किंवा बंपरवर माणसे बसवू नयेत. ऊस पट्ट्यात हे दृश्य अजून दिसते, आणि ट्रॅक्टर आदळला की पहिला मार त्या माणसांना बसतो.

पाणी भरावे की नाही, हे शेतातच ठरवता येते. मोठ्या टायरवर खडूची खूण करावी. अवजार उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा आणि अंतर मोजावे. मग अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिले अंतर 40 मीटर आणि दुसरे 35 आले, तर चाक साडेबारा टक्के घसरते. आठ ते पंधरा टक्के घसरण चालते. ती वीस-पंचवीसवर गेली तर वजन हवे. अगदी नगण्य आली तर वजन जास्त झाले आहे आणि त्याचा ताण गिअरबॉक्सवर पडतो.

भरताना मागचा एक्सल जॅकवर घेऊन खाली भक्कम ठोकळे द्यावेत आणि पुढच्या चाकांना अटकाव लावावा. व्हॉल्व्ह सर्वांत वर आणून पिन काढावी आणि पाणी सोडावे. पाणी व्हॉल्व्हपर्यंत आले, की टायर साधारण पाऊण भरतो. वरच्या पाव भागात हवा राहिलीच पाहिजे. टायर काठोकाठ भरला तर धक्का झेलायला हवाच उरत नाही आणि दगडावर आदळून टायर आतून फाटू शकतो. 13.6-28 मापाच्या टायरमध्ये दीडशे लिटरहून अधिक पाणी मावते. म्हणजे दोन चाकांत मिळून तीनशे किलोहून अधिक. दोन्ही चाकांत पाणी सारखेच असावे. हवेचा दाब पुस्तिकेत दिला आहे तेवढा ठेवावा आणि व्हॉल्व्ह वर असतानाच मोजावा. टायर रेडियल असेल, तर कंपनी पाणी भरू देते का, हे आधी पाहावे.

पाण्यात मीठ किंवा कोणतेही रसायन मिसळू नये. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात, पण ते झिरपले की रिम गंजतो. आपल्याकडे त्याची गरजच नाही.

पाणी भरणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेवर काढणेही. भाताच्या चिखलणीत जड ट्रॅक्टर रुततो. ओल्या काळ्या जमिनीत त्याच्या वजनाने खालचा थर दबतो. रोटाव्हेटरची पातीच ट्रॅक्टरला पुढे ढकलतात, त्यामुळे तिथे जादा पकड लागत नाही. रस्त्यावरच्या वाहतुकीत या वजनाने ब्रेकवरचा भार वाढतो. काढताना एक्सल उचलून व्हॉल्व्ह खाली घ्यावा आणि पिन काढून पाणी वाहू द्यावे. पाणी भरलेल्या चाकाचे पंक्चर काढायचे असेल, तर आधी पंक्चरवाल्याला तसे सांगावे. नेहमीच्या अंदाजाने त्याने चाक उतरवले, तर ते अंगावर येऊ शकते.

नांगरट संपली, की चाकांतले पाणी काढा. गळीत हंगामात ट्रॉली जोडण्याआधी बंपरवरच्या प्लेटा जागेवर आहेत ना आणि हुक खालच्या भोकात आहे ना, हे पाहा. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती द्यायचा असेल, तर चाकांत पाणी आहे की नाही हे त्या चालकाला आधी सांगा.