कपोताचे जाळे आणि रुक्मिणीचा रुसवा

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत सेनगाव परभणी जिल्ह्यातच मोडत असे. त्याच परभणीतील बोरी हे कवीश्वर भास्करभट्टांचे गाव. त्यांच्या दोन ग्रंथांतून दांपत्यभावाचा विचार दोन अंगांनी झालेला आहे.

‘शिशुपाळवधा’त वधाच्या कथेआधी श्रीकृष्ण-रुक्मिणीचा प्रणयकलह विस्ताराने येतो. पत्नी रुसते, प्रत्यक्ष देव तिची समजूत काढतात. ग्रंथ उत्तम, परंतु निवृत्तांच्या उपयोगाचा नव्हे, असा अभिप्राय गुरुबंधूंनी दिल्याचे परंपरा सांगते. तेव्हा कवीश्वरांनी भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ रचिली.

त्या स्कंधातील कपोताचे आख्यान साधकांनी सावकाश वाचावे. कपोती जे जे इच्छी, ते ते कपोत कष्टाने आणून देई. एके दिवशी पिले जाळ्यात सापडली. त्यांच्या आक्रोशाने माता धावली व तीही अडकली. मागे उरलेला कपोत विलाप करतो : ती अनुरूप होती, अनुकूल होती, पतीलाच देव मानणारी होती. तत्कालीन पत्नीधर्माची सारी लक्षणे तिच्या ठायी होती! परंतु त्या लक्षणांनी दोघांपैकी कोणीही तरले नाही. जाळे डोळ्यांसमोर दिसत असता तो मोकळा पती आपण होऊन त्यात पडला. या आख्यानावरून ‘स्त्री हेच बंधन’ असे सांगणारे नेमका हा तपशील गाळतात. तोवर पारध्याने त्याला हातही लाविला नव्हता.

गुरुबंधूंच्या अभिप्रायानंतरही परमार्गाने ‘शिशुपाळवध’ टाकिला नाही. साती ग्रंथांत तो ‘उद्धवगीते’सोबतच गणिला जातो.