जुने विमान म्हणजे धोक्याचे विमान?

प्रश्न : मुलगी पुढच्या महिन्यात सुरतहून दिल्लीला पहिल्यांदाच विमानाने जाणार आहे. त्या मार्गावरचे विमान बारा वर्षांचे असल्याचे मोबाइलवर दिसले. त्याच्या दुरुस्तीच्या नोंदी पाहता येतील का? फार काळजी वाटते.
— एक आई, नंदुरबार

उत्तर : ताई, विमानाची तब्येत वयावर नव्हे, देखभालीवर ठरते. ठरावीक उड्डाणतास, फेऱ्या किंवा महिने भरले की तपासणी करावीच लागते. मुदत संपलेला भाग चालू असला तरी काढतात. दुरुस्तीनंतर अधिकृत अभियंत्याच्या सहीशिवाय विमान उडत नाही. या नोंदी कंपनीकडे असतात, विमान वाहतूक नियामक डीजीसीए त्या तपासते. प्रवाशांना मात्र त्या पाहायला मिळत नाहीत. ‘व्हीटी’ने सुरू होणाऱ्या नोंदणी क्रमांकावरून विमानाचे वय कळेल, दुरुस्त्या नाहीत. शिवाय कोणते विमान येईल, हे ऐनवेळीही बदलते.

अपघातानंतर काही नोंदी विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एएआयबीच्या अहवालात येतात. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला कोसळलेल्या व्हीटी-एएनबी विमानाचे थ्रॉटल कंट्रोल मॉड्यूल (इंजिनाची ताकद नियंत्रित करणारा भाग; इंधन चालू-बंद करणारे स्विचही त्यातच असतात) 2019 आणि 2023 मध्ये बदलले होते, हे प्राथमिक अहवालातूनच कळले. पण त्या बदलांचा संबंध इंधन-स्विचशी नव्हता, असेही त्यात नमूद आहे. म्हणून ‘अमुक भाग बदलला होता’ एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

दुरुस्तीसाठी विमान थांबवले, तर मुलीने घाबरू नये. ते तिच्या सुरक्षिततेसाठीच असते. बसल्यावर पट्टा बांधून सूचना नीट ऐकायला तिला जरूर सांगा.